घरगुती ध्वनिवर्धक आणि पश्चिम खानदेश

मनुष्याचा आवाज फार अशक्त आहे. हें विधान कोणाही वक्त्याला आवडणार नाहीं. पण मोजमाप करूं गेल्यास निर्णय तसाच मिळतो. साध्या संभाषणांत तोंडावाटे जी ध्वनिशक्ति बाहेर पडते ती सुमारें एका वॅटच्या एक लक्षांशाइतकी असते. म्हणजे एक लाख माणसें एकाच वेळीं घरगुती आवाजांत बोलूं लागलीं, तर त्या सर्वांच्या बोलण्यांत मिळून एक वॅट शक्ति भरेल. आणि एक वॅट म्हणजे हातांतल्या विजेरीच्या चिमुकल्या दिव्याला जेवढी लागते त्याच्या आसपास! अशा दुबळ्या साधनानें हजारोंच्या समुदायाला हांक मारण्याची हौस मात्र मनुष्याला पुरातन काळापासून आहे. म्हणूनच कीर्तनकाराच्या मागें झीलकरी उभे राहत आणि तमाशांत सुरते शाहिराचा सूर उचलून धरीत. ते त्या काळचे ध्वनिवर्धकच होते, आणि त्यांस बॅटरी लागत नसे.

विजेच्या साह्यानें आवाज मोठा करणारा ध्वनिवर्धक घरच्या टेबलावर, स्वतःच्या हातानें जुळवितां येतो, ही गोष्ट आतां शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असते. ती कशी शक्य झाली याचा इतिहास बहुधा अमेरिकेंतील प्रयोगशाळांच्या बाजूनें सांगितला जातो. परंतु सातपुड्याच्या पायथ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या पश्चिम खानदेशच्या ज्या भागाचा १ जुलै १९९८ रोजीं स्वतंत्र नंदुरबार जिल्हा झाला त्या भागाकडून, याच इतिहासाकडे पाहिलें तर त्याचा अर्थ कांहींसा निराळा दिसतो. मुंबईकराला ध्वनिवर्धक ही सोय होती. नंदुरबारकराला ती गरज होती.

हा फरक १९२७ सालीं स्पष्ट झाला. त्या वर्षीं २३ जुलै रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्‌घाटन झालें. केंद्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट. मुंबईंतल्या गृहस्थाला तें केंद्र ऐकण्यासाठीं फारशी यातायात करावी लागत नसे. तांब्याच्या तारेचें एक वेटोळें, गॅलिना खनिजाचा एक खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार आणि कानाला लावण्याचा हेडफोन एवढ्यावर भागे. अशा खड्याच्या रेडिओला बॅटरी नसते, व्हॉल्व्ह नसतो. आकाशांतून येणाऱ्या लहरींची जी लेशमात्र शक्ति तारेंत उतरते तिच्यावरच हेडफोनचा पडदा हलतो. पण ही फुकटची मेजवानी केंद्रापासून सुमारें ३० मैलांच्या आंत संपे. नंदुरबार मुंबईपासून सरळ रेषेंत मोजलें तरी १८० मैलांच्या आसपास आहे. तेथें खडा मुका होता. तेथें पोंचणारी क्षीण लहर ऐकावयाची तर ती आधीं वाढविलीच पाहिजे, आणि त्यासाठीं व्हॉल्व्ह आणि बॅटऱ्या यांचा संसार मांडलाच पाहिजे.

हा व्हॉल्व्ह करतो तरी काय? अनेकांची समजूत अशी असते, कीं भिंग जसें अक्षर मोठें करतें तसा व्हॉल्व्ह आवाज ताणून मोठा करतो. ही समजूत चुकीची आहे. खानदेशांत पांझरेच्या कांठीं पूर्वापार चालत आलेली फड पद्धति ज्यानें पाहिली असेल त्याला खरा प्रकार चटकन् समजेल. नदीवर बंधारा असतो, बंधाऱ्यापासून पाट निघतो, आणि पाटाच्या दारावर पाटकरी असतो. पाटकऱ्यानें दार वीतभर उचललें कीं पाण्याचा लोंढा शेतांत शिरतो. वीतभर खालीं सोडलें कीं तो आंखडतो. त्या लोंढ्यांतला जोर पाटकऱ्याच्या दंडांतला नव्हे, तो बंधाऱ्याचा. पाटकऱ्याचा फक्त हुकूम. व्हॉल्व्हमध्यें तापलेल्या तारेपासून धातूच्या पत्र्याकडे विद्युत्कणांचा ओघ वाहत असतो आणि वाटेंत एक बारीक जाळी असते. क्षीण ध्वनीचा विद्युद्दाब जाळीवर आला, कीं ओघ त्याच्या तालावर कमीजास्त होतो. पत्र्याच्या मंडलांत जी मोठी आंदोलनें उठतात त्यांची शक्ति सर्वस्वीं बॅटरीची असते. लहान आवाज कधींच मोठा होत नाहीं. तो मोठ्या शक्तीला आपली नक्कल करावयास लावतो, इतकेंच.

ही जाळी बसविण्याची कल्पना अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यांस १९०६ सालीं सुचली. नवल असें, कीं आपलें यंत्र कां चालतें हें त्यांना स्वतःला नीटसें उमगलें नव्हतें. फुग्यांत थोडा वायु राहिलाच पाहिजे अशी त्यांची समजूत होती. उलट, तो जितका काढून टाकावा तितका व्हॉल्व्ह भरंवशाचा होतो, हें १९१२-१३ च्या सुमारास हॅरल्ड अर्नोल्ड आणि आयर्व्हिंग लँगम्युअर यांनीं दाखवून दिलें. मग मात्र प्रगति झपाट्यानें झाली. २५ जानेवारी १९१५ रोजीं न्यूयॉर्क आणि सॅनफ्रान्सिस्को यांमध्यें टेलिफोनवर संभाषण झालें तें वाटेंतल्या व्हॉल्व्हांच्या जोरावर. १९१९ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन दिएगो येथें कर्ण्यांच्या साह्यानें प्रचंड जनसमुदायापुढें भाषण केलें, आणि राजकारणी मंडळींना या यंत्राची गोडी लागली ती कायमची.

हिंदुस्थानांत या गोडीचा पुरवठा करणारें मोठें घराणें म्हणजे मोटवाने यांचें. ग्यानचंद मोटवाने यांनीं १९०९ सालीं सिंधमध्यें सक्कर येथें सुरू केलेली पेढी कराचीवरून मुंबईस आली आणि पुढें ‘शिकागो रेडिओ’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर ध्वनिक्षेपक नेण्याचें कार्य त्यांचे चिरंजीव नानक मोटवाने यांनीं मोठ्या निष्ठेनें केलें. त्या काळच्या पुढाऱ्यांच्या छायाचित्रांत माइकवर हें नांव वारंवार दिसतें. खानदेशानें राष्ट्रीय सभेचा थाट पाहिला तो १९३६ च्या डिसेंबरांत, जेव्हां पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें पहिलें ग्रामीण अधिवेशन भरलें. खेड्यांत अधिवेशन म्हणजे विजेपासून सारें नव्यानें उभें करणें आलें.

सभांत बांबूला किंवा झाडाला बांधलेला तो लांब पत्र्याचा कर्णा दिसावयास ओबडधोबड, पण मोठ्या कामाचा. कागदी शंकूचा स्पीकर त्याला दिलेल्या शक्तीपैकीं शेंकडा एकदोन भागच ध्वनींत उतरवितो, उरलेली तारेंत उष्णता होऊन जाते. कर्णा त्याच्या कित्येक पट हवेच्या स्वाधीन करतो. जेथें वीज मोटारीच्या बॅटरींतून घ्यावयाची आणि ती बॅटरी भरण्यासाठीं शहर गांठावयाचें, तेथें नाजूक सुरांपेक्षां ही काटकसर मोलाची ठरते. खेड्यांत कर्णा इतकीं वर्षें टिकून राहिला याचें कारण अडाणीपण नव्हे, हिशेब आहे.

तरीही कर्ण्यावांचून माणसें जमतच नव्हतीं असें नाहीं. १९३७-३८ मध्यें तळोदें तालुक्यांत गुलाम महाराजांच्या आरतीला भिल्ल समाजाचे हजारों लोक येत आणि दारू सोडण्याची शपथ घेऊन परतत. आरती हजारों कंठ एकदम म्हणतात. तेथें एकाचा आवाज सर्वांना पोंचविण्याची गरजच उरत नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारच्या रस्त्यांतून विद्यार्थ्यांची जी फेरी निघाली तिच्याजवळही गळ्यावांचून दुसरें साधन नव्हतें. पोलिसांच्या गोळीबारांत पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे प्राणास मुकले.

त्याच दिवसांत मुंबईंत कांहीं तरुण मंडळी चोरून जुळविलेल्या यंत्रावर ‘काँग्रेस रेडिओ’ चालवीत होतीं. २७ ऑगस्ट १९४२ रोजीं ४२.३४ मीटरवर त्यांचा आवाज प्रथम उमटला. बोलणारी उषा मेहता ही विद्यार्थिनी बावीस वर्षांची होती. महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द केले होते, तेव्हां असें यंत्र बाळगणें हाच गुन्हा होता. अशा यंत्राच्या पोटांत एक ध्वनिवर्धक असावाच लागतो, कारण माइकवरच्या किंवा तबकडीवरच्या दुबळ्या आवाजानें रेडिओलहरीला आकार द्यावयाचा तर तो आधीं पुष्कळ वाढवावा लागतो. घरगुती ध्वनिवर्धकाचा याहून गंभीर उपयोग या देशांत क्वचितच झाला असेल. जागा बदलत बदलत हें केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत चाललें. मग ज्या तंत्रज्ञानें यंत्र जुळविलें होतें त्याच्याच माहितीवरून पोलिस येऊन थडकले. विठ्ठलदास खाखर यांस पांच वर्षांची, उषा मेहतांस चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांस एक वर्षाची शिक्षा झाली. नानक मोटवाने यांच्यावरही खटला झाला, पण ते आणि विठ्ठलदास झवेरी निर्दोष सुटले.

युद्ध संपलें आणि हौशी मंडळींचे दिवस पालटले. लष्कराच्या टाकाऊ सामानाचे ढीग बाजारांत आले. मुंबईच्या चोरबाजारांत आणि लॅमिंग्टन रोडवर ६ एल ६, ६ व्ही ६, ८०७ असे व्हॉल्व्ह आवांक्यांतल्या किंमतीला मिळूं लागले. रणगाड्यांत आणि विमानांत बसण्यासाठीं घडविलेले हे व्हॉल्व्ह लग्नाच्या मांडवांत गाऊं लागले, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

त्या काळचा साधा घरगुती ध्वनिवर्धक असा होई. पत्रेवाल्याकडून जाड पत्र्याची उथळ पेटी वांकवून घ्यावयाची आणि व्हॉल्व्हच्या बैठकींसाठीं तिला भोंकें पाडावयाचीं. एका टोंकाला मोठा ट्रान्सफॉर्मर. तो घरच्या विजेचा दाब चढवून ३०० व्होल्टांच्या घरांत नेतो आणि व्हॉल्व्हच्या तंतूंसाठीं ६.३ व्होल्ट निराळे देतो. त्याच्या शेजारीं उलटसुलट प्रवाह एकाच दिशेला वळविणारा व्हॉल्व्ह, मग लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेला चोक आणि दोन कंडेन्सर. हे ओघांतल्या लाटा सपाट करतात. ही व्यवस्था अपुरी पडली तर स्पीकरमधून सेकंदाला शंभर कंपनांचा एक चिवट गुणगुणाट सतत ऐकूं येतो. पहिलाच ध्वनिवर्धक करणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या नशिबीं गाण्याआधीं हा गुणगुणाट येत असे. माइकची तार ट्रान्सफॉर्मरपासून दूर नेणें, जमिनीच्या साऱ्या जोडण्या एकाच बिंदूवर आणणें, तंतूच्या तारांना पीळ देणें, या उपायांची पारायणें करावीं लागत.

पेटीच्या दुसऱ्या टोंकाला खरें काम चाले. ६ व्ही ६ हा व्हॉल्व्ह २५० व्होल्टांवर सुमारें साडेचार वॅट देतो. परंतु त्यासाठीं त्याच्या जाळीवर बारा साडेबारा व्होल्टांचें आंदोलन हवें. माइककडून मिळतात एका व्होल्टाचे कांहीं सहस्रांश. मधली दरी भरून काढावयास आधीं एक किंवा दोन लहान व्हॉल्व्ह बसवावे लागतात. ग्रामोफोनच्या स्फटिकाच्या पिकअपमधून मात्र एका व्होल्टाच्या आसपास दाब निघतो, तेव्हां एकाच व्हॉल्व्हनें निभावतें. म्हणून जाणते लोक नवशिक्याला सांगत, कीं आधीं ग्रामोफोनचा ध्वनिवर्धक कर, भाषणाचा मागाहून. शेवटीं येतो तो दुसरा ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हला ५००० ओहमांचा भार हवा आणि स्पीकर असतो चार ओहमांचा. हें विजोड जोडपें जुळवावयास सुमारें ३५ वेढ्यांस १ वेढा या प्रमाणांत तार गुंडाळावी लागते. सबंध यंत्राचा सूर या एका वस्तूवर ठरे, आणि ती हातानें नीट गुंडाळणारा कारागीर मिळणें भाग्याचें होतें. डाख लावण्याची कावीळ शेगडीच्या निखाऱ्यांत तापविली तरी चाले. चालत नसे ती गैरसावधता: वीज बंद केल्यावरही कंडेन्सर ३०० व्होल्ट धरून बसतात आणि त्यांचा झटका प्राणघातक होऊं शकतो. एक हात पाठीमागें ठेवून दुसऱ्यानें काम करण्याची संवय जुन्या कारागिरांत दिसे ती यामुळेंच.

१९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत इंग्लंडांतील ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकानें डी. टी. एन. विल्यम्सन यांची १५ वॅटांची योजना प्रसिद्ध केली आणि घरगुती ध्वनिवर्धकाला प्रतिष्ठा आली. घरीं केलेलें यंत्र विकतच्या यंत्राहून सरस वाजूं शकतें, हें तिनें सिद्ध केलें. तिचा प्राण होता ऋण प्रतिभरण. आणि त्याचा जन्म २ ऑगस्ट १९२७ रोजीं हडसन नदीच्या तरींत झाला होता. हॅरल्ड ब्लॅक हे तरुण अभियंते कामावर निघाले असतां त्यांच्या मनांत आलें, कीं बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा थोडा अंश उलटा करून प्रवेशद्वाराशीं परत नेला तर? वाढ कमी होईल, पण यंत्रानें स्वतः घातलेला बिघाडही कमी होईल. जवळ कागद नव्हता, म्हणून त्यांनीं हातांतल्या वर्तमानपत्राच्या पानावरच आकृति काढली. मुद्दाम वाढ गमवावयाची ही कल्पना पेटंट कचेरीला इतकी विपरीत वाटली कीं पेटंट मिळावयास नऊ वर्षें लागलीं. हाच अंश सुलट परत गेला तर काय होतें, हें सांगावयास अभियंता नको. माइक कर्ण्यासमोर ठेवल्यावर उठणारी किंकाळी प्रत्येक सभेनें ऐकलेली आहे.

तथापि व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक शेवटीं विजेच्या तारेशींच बांधलेला राहिला. अक्कलकुवा व अक्राणी या डोंगरी तालुक्यांतील पाड्यांना तो परकाच होता. ही गांठ सुटली ती ट्रान्झिस्टरमुळें. १६ डिसेंबर १९४७ रोजीं बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या तुकड्यावर दोन सोन्याचीं टोंकें टेकवून वाढ मिळविली. तंतु नाहीं, ताप नाहीं, ३०० व्होल्ट नाहींत. नऊ व्होल्टांवर काम. १९५४ सालीं स्थापन झालेल्या बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें पुढील दशकांत ट्रान्झिस्टर तयार होऊं लागले, आणि एसी १२८ सारखीं नांवें हौशी विद्यार्थ्यांच्या तोंडीं बसलीं.

खानदेशच्या उन्हाळ्यानें मात्र या पाहुण्याची परीक्षा घेतली. जर्मेनियम तापलें कीं त्यांतून पाझरणारा प्रवाह वाढतो; प्रवाह वाढला कीं तें आणखी तापतें; आणि हें चक्र आवरलें नाहीं तर ट्रान्झिस्टर जळून जातो. इंग्लंडच्या थंड हवेंत काढलेली आकृति, वैशाखांत पारा चाळिसाच्या वर गेलेल्या नंदुरबारांत, पत्र्याच्या छपराखालीं जशीच्या तशी बसविणें हें धाडसच होतें. जोडीच्या ट्रान्झिस्टरांना ॲल्युमिनियमची पट्टी बांधणें आणि त्यांच्या वाटेंत एखाद्या ओहमाचा रोधक घालणें, हे उपाय पुस्तकांत तळटीपेसारखे येत. येथें ते आधीं वाचावे लागत. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर ही धास्ती बरीच ओसरली.

नंतर सगळाच संसार एका काळ्या चकतींत मावला. १९७० नंतर आलेली टीबीए ८१० ही चकती १६ व्होल्टांवर सात वॅट देते. तिच्याभोंवतीं डझनभर सुटे भाग लावले कीं काम संपलें. त्याहून लहान एलएम ३८६ अर्ध्या वॅटाच्या आसपास राहते. तिची वाढ मुळांत वीसपट; पहिल्या व आठव्या पायांत १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला कीं ती दोनशेंपट होते. पूर्वी ज्याला कित्येक आठवडे लागत तें एका दुपारीं होऊं लागलें. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या कारागिराचा धंदा त्यांत बसला, ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखविली नाहीं.

एक भ्रम मात्र नव्या यंत्रांबरोबरही चालत आला. सात वॅटांच्या जागीं चौदा केले म्हणजे आवाज दुप्पट होईल असें मुलांना वाटतें. कानाचा हिशेब तसा नाहीं. आवाज दुप्पट भासावयास शक्ति सुमारें दसपट लागते. लग्नांतल्या मिरवणुकींत स्पीकरांच्या भिंती उभ्या राहतात त्या या दसपटीच्या मागें लागूनच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपकास बंदी घालावी लागली, इतका तो अशक्त आवाज आतां शेफारला आहे.

पण हें झालें जेथें वीज आहे तेथलें. चकती कितीही लहान होवो, बंधाऱ्यांत पाणी नसेल तर पाटकऱ्यानें दार उचलून काय होणार? अक्राणी तालुक्यांत नर्मदेच्या खोऱ्यांतील अनेक पाड्यांपर्यंत विजेची तार विसावें शतक संपलें तरी पोंचली नव्हती. तेथें ध्वनिवर्धकाच्या आधीं वीजच घरीं करावी लागली. बिलगांव येथें उदई नदीच्या धबधब्यावर केरळांतून आलेल्या अभियंत्यांच्या साह्यानें गांवकऱ्यांनीं श्रमदानानें बांध घातला, पाट काढला, आणि १५ किलोवॅटांचें छोटें वीजकेंद्र उभें केलें. मुंबईच्या १९२७ सालच्या नभोवाणी केंद्राच्या दसपट ही शक्ति. २००३ च्या जानेवारींत तेथें दिवे लागले. २००६ च्या ऑगस्टांत नदीला आलेल्या पुरांत तें केंद्र वाहून गेलें.